एचआयव्ही, बी, सी आणि शेवटी डेल्टा: माझ्या लिव्हरची चार-पाच वर्षं

गेल्या महिन्यात क्लिनिकमध्ये नंबर यायची वाट बघत बसलो होतो, शेजारी एक मुलगा होता, तिशीच्या आतला, हातातला रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवायचा आणि दोन मिनिटांनी परत काढून बघायचा. शेवटी मलाच म्हणाला, "दादा, एचआयव्हीचा लोड डिटेक्ट होत नाहीये, काउंट पाचशेच्या वर आहे, मग हे एसजीपीटी का वाढलंय?" (लोड म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, काउंट म्हणजे सीडी-फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, एसजीपीटी म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम.) मी त्याला दहा मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, मग त्याचा नंबर आला आणि तो गेला. पण हाच प्रश्न घेऊन मी स्वतः दोन वर्षं फिरत होतो, त्यामुळे ते डोक्यातून जाईना. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. मोठं होणार आहे.

मला एचआयव्ही आहे हे २००९ मध्ये कळलं. कसा झाला ते इथे लिहिणार नाही, कारण हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारलाय आणि त्याच्या उत्तराने माझ्या एकाही गोळीत फरक पडलेला नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी या तिघांच्या वाटा जवळपास त्याच आहेत, रक्त, सुया, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. त्यामुळे एक सापडला की बाकीचे शोधायलाच हवेत. माझ्या बाबतीत कोणी शोधले नाहीत आणि मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं.

तेव्हा काउंट ८४ होता. झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन सुरू झालं. २०१४ मध्ये बदलून टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, इफाव्हिरेन्झ अशी रात्री एकच गोळी झाली. आता यातली मेख ऐका, मला ती फार उशिरा कळली. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं एचआयव्हीवर चालतात तशीच हेपॅटायटिस बी वरही चालतात. म्हणजे मला बी आहे हे मला किंवा कोणालाच माहीत नसताना त्याच्यावर औषध रोज पोटात जात होतं. पहिली पाच वर्षं त्यात एकटं लॅमिव्हुडिन होतं, आणि एकट्या लॅमिव्हुडिनला बी चा व्हायरस काही वर्षांत सरावतो, मग ते लागू पडत नाही. २०१४ ला टेनोफोव्हिर आलं आणि त्याने बी ला दाबून धरलं. मी मात्र समजत होतो की ही एचआयव्हीची गोळी आहे, बस.

इफाव्हिरेन्झमुळे मला स्वप्नं पडायची. ज्यांनी ती गोळी घेतलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. रोज रात्री, सगळं खरं वाटणारं, उठल्यावर तासभर डोकं गरगरायचं. सहा वर्षं काढली आणि २०२० च्या शेवटी एक दिवस मी गोळी घेतली नाही. त्या रात्री शांत झोप लागली. मग दुसऱ्या दिवशीही नाही घेतली. कोणाला सांगितलं नाही, डबी रोज उघडायचो, गोळी काढायचो आणि कागदात गुंडाळून फेकून द्यायचो, म्हणजे घरात कळू नये. असे दहा आठवडे गेले. माझा हिशोब असा होता की लोड वाढला तर परत सुरू करू, एचआयव्ही काय दोन महिन्यांत मारत नाही. एचआयव्हीने खरंच काही केलं नाही. पण ज्याचं नावही मला माहीत नव्हतं तो बी सुटला.

आधी थकवा आला, जिना चढून आलो की बसावं लागायचं. मग मळमळ, अन्नाचा वास नको व्हायला लागला, लघवी गडद झाली. डोळे पिवळे झाल्याचं बायकोने बघितलं. अ‍ॅडमिट झालो तेव्हा एसजीपीटी ११४०, बिलिरुबिन म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य ९.८, आयएनआर १.७. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं, त्यामुळे एसजीपीटी कितीही वाढलं तरी डॉक्टर खरं घाबरतात ते आयएनआर वाढायला लागला की. ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह आलं. हे नाव ऐकून आधी वाटलं काहीतरी परदेशी आजार आहे, पण ते हेपॅटायटिस बी च्या पृष्ठभागावरचं प्रोटीन आहे, १९६० च्या दशकात बारूक ब्लुमबर्ग यांना ते एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं म्हणून ते नाव पडलं, त्या कामाला १९७६ चं नोबेल मिळालं.

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी फाइल बघितली आणि सरळ विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?" बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. मी काही बोललोच नाही. ते म्हणाले, "बंद केल्याशिवाय हे असं होत नाही, किती आठवडे झाले सांगा, मला औषध ठरवायचंय." मग सांगितलं. ते गेल्यावर ती बराच वेळ गप्प होती, नंतर एवढंच म्हणाली, "अहो, स्वप्नं पडतात म्हणून मला उठवायचं होतं ना." रागावली असती तर सोपं गेलं असतं.

टेनोफोव्हिर असलेली कुठलीही गोळी बी असताना मनाने बंद करू नका. दुसऱ्या कोणी बदलून दिली तरी नवीन गोळीत बी वर चालणारं औषध आहे का हे विचारा. आजकाल एचआयव्हीसाठी दोनच औषधांच्या गोळ्या आणि महिन्या-दोन महिन्यांतून घ्यायची इंजेक्शनंही आलीत, एचआयव्हीला ती चांगली आहेत पण त्या इंजेक्शनांत बी वर चालणारं काही नाही. सोय बघून बदलायला जाल आणि माझ्यासारखी कावीळ होईल. ही एक गोष्ट सांगायलाच मी लिहायला बसलोय असं समजलात तरी चालेल.

माझ्या गोळ्या परत सुरू केल्या, इफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर, आणि स्वप्नं परत आलीच नाहीत. म्हणजे तोंड उघडून सांगितलं असतं तर हे आधीच झालं असतं. चार महिन्यांत कावीळ गेली, एसजीपीटी शंभरच्या खाली आलं आणि तिथेच अडकलं. ८२, ७६, ९०, ७१. एचआयव्हीचा लोड डिटेक्ट होत नव्हता, बी चा डीएनए पण डिटेक्ट होत नव्हता. ज्या क्लिनिकमध्ये तेव्हा जायचो तिथे मी दर वेळी विचारायचो आणि दर वेळी उत्तर यायचं की एवढं चालतं, गोळ्यांमुळे असेल. हेपॅटायटिस सी ची अँटिबॉडी टेस्ट हॉस्पिटलमध्ये निगेटिव्ह आली होती, त्यामुळे तो विषय संपलाच होता.

आणि प्लेटलेट. दर सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, त्या खाली जात होत्या, १ लाख ३४ हजार, मग १ लाख १५ हजार, मग ९८ हजार. त्यांच्यापुढे छोटासा खालचा बाण छापलेला असायचा. दीड वर्ष तो बाण माझ्या फाइलमध्ये होता आणि कोणी त्याच्याबद्दल एक शब्द बोललं नाही, मीही एसजीपीटी बघून पान उलटायचो. दात घासताना रक्त यायचं, दंडावर कधी लागलं हे आठवत नसताना निळे डाग पडायचे, मला वाटायचं ब्रश कडक आहे. लिव्हर कडक झालं की पोटातल्या रक्ताला त्यातून जायला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि ती प्लेटलेट अडवून ठेवते. म्हणजे तो बाण लिव्हरचाच निरोप होता.

२०२२ मध्ये दुसऱ्या ठिकाणी जायला लागलो, तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळे जुने सीबीसी टेबलावर एका रांगेत मांडले आणि प्लेटलेटच्या आकड्यांना पेनाने गोल केले. मग मला म्हणाल्या, "कॅल्क्युलेटर काढा मोबाइलवर." माझं वय ४६, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) ८८, दोघांचा गुणाकार. खाली प्लेटलेट हजारांत म्हणजे ९८, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, एसजीपीटी ७४ होतं. भागाकार केला तर ४.८ आलं. "याला फिब-फोर म्हणतात. ३.२५ च्या वर गेलं की लिव्हरमध्ये बरेच व्रण असायची शक्यता मोठी, १.४५ च्या खाली असेल तर कमी. हा हिशोब बसवलाच मुळी एचआयव्ही आणि सी दोन्ही असलेल्या पेशंटवर, २००६ मध्ये." मी म्हटलं, "पण मॅडम, मला सी नाहीये, टेस्ट झालीय." त्यांनी विचारलं, "टेस्ट केली तेव्हा काउंट किती होता?"

१६२ होता. गोळ्या बंद केल्यामुळे पडलेला. अँटिबॉडी आपलं शरीर बनवतं, काउंट फार खाली असताना शरीराला ती नीट बनवता येत नाही, त्यामुळे व्हायरस रक्तात असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी अँटिबॉडीवर न थांबता थेट व्हायरसचा आरएनए बघावा लागतो. तो बघितला. १८ लाख.

घरी जाताना मला राग आला होता. एका टेस्टचं एक निगेटिव्ह उत्तर, आणि ते कुठल्या परिस्थितीत घेतलं होतं हे दीड वर्षात कोणी मागे वळून बघितलं नाही. त्या काळात व्हायरस थांबलेला नव्हता. सी एकटा असेल तर लिव्हर खराब व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, एचआयव्ही सोबत असला की ते लवकर होतं, आणि तिसरा पण असेल तर अजून लवकर.

पुढच्या आठवड्यात फायब्रोस्कॅन. तीन तास काही खायचं नाही, उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या मधल्या फटीत गार जेल लावतात आणि एक जाड पेनासारखा प्रोब टेकवून बटण दाबतात, आतून कोणीतरी बोटाने टिचकी मारल्यासारखं होतं. दुखत नाही. ती टिचकी लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मशीन मोजतं, कडक लिव्हरमधून जोरात जाते. किमान दहा टिचक्या घेतात. स्क्रीन माझ्या बाजूला वळलेली होती त्यामुळे प्रत्येक आकडा दिसत होता, १७.२, १८.६, १६.९, १९.१, मला काहीच अर्थ माहीत नव्हता, मी टेक्निशियनचा चेहरा बघत होतो आणि तो चेहरा काही सांगत नव्हता. मधला आकडा १७.८ किलोपास्कल. निरोगी लिव्हरचं साधारण पाचच्या आसपास असतं, सी मध्ये १२.५ च्या वर गेलं की सिरोसिस, म्हणजे व्रणांनी भरून कडक झालेलं लिव्हर, धरतात. सोनोग्राफीत प्लीहा १४.२ सेंटिमीटर निघाली, तीही वाढलेली.

सिरोसिस हा शब्द ऐकल्यावर मी विचारलं, "म्हणजे किती दिवस?" मॅडम म्हणाल्या की सिरोसिसमध्ये पण दोन माणसं असतात, एकाचं लिव्हर जखमी आहे पण काम उरकतंय, दुसऱ्याचं हरलंय, पोटात पाणी, रक्ताची उलटी, बरळणं. "तुम्ही पहिल्यात आहात. माझं काम तुम्हाला तिथेच ठेवायचं."

मग एन्डोस्कोपी. स्कॅन २० च्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर ती टाळता येते, माझ्या प्लेटलेटमुळे करावी लागली. घशात बधिर करायचा कडू स्प्रे, तोंडात प्लॅस्टिकची कडी, आणि पाच मिनिटं नुसता श्वास घेत राहायचं. अन्ननलिकेत छोट्या फुगलेल्या शिरा दिसल्या. त्या फुटू नयेत म्हणून कार्व्हेडिलॉल सुरू झालं, पहिले पंधरा दिवस पटकन उभं राहिलं की अंधारी यायची, हळू उठायची सवय लावून घेतली.

सी वरचा उपचार मात्र इतका सरळ झाला की आधीच्या सगळ्यानंतर विश्वास बसेना. सोफोस्बुव्हिर आणि वेल्पाटास्व्हिर, रोज एक गोळी, बारा आठवडे. पूर्वी यासाठी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन घ्यावं लागायचं आणि एचआयव्ही असणाऱ्यांपैकी निम्मे पण बरे व्हायचे नाहीत. १९८९ पर्यंत या व्हायरसला नाव पण नव्हतं, नुसतं 'ए पण नाही बी पण नाही' म्हणायचे, ज्यांनी तो शोधला त्यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं, आणि आता शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे होतात. इफाव्हिरेन्झ चालू असतं तर आधी ते बदलावं लागलं असतं, ते वेल्पाटास्व्हिरला रक्तात टिकू देत नाही. माझं बदललेलं होतं. पण मी अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज सकाळी घेत होतो आणि ती औषध आहे असं मला वाटतच नव्हतं, म्हणून औषधांच्या यादीत सांगितली नाही. मॅडमनी मुद्दाम विचारलं म्हणून कळलं. पोटात अ‍ॅसिड कमी असेल तर वेल्पाटास्व्हिर नीट शोषलं जात नाही. ती बंद केली, छातीत जळजळ झाली ती सहन केली. तर तुम्ही जे काही घेता ते सगळं सांगा, अगदी कॅल्शियम, लोह, कोणी दिलेली पावडर, सगळं.

एक धोका त्यांनी आधीच समजावला होता. सी आणि बी एकत्र असले की बरेचदा सी हा बी ला दाबून ठेवतो. औषधाने सी गेला की बी ला मोकळं रान मिळतं आणि तो उसळतो, काही पेशंटमध्ये लिव्हर फेल होण्यापर्यंत गेलंय, २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. माझं टेनोफोव्हिर चालू असल्यामुळे मी सुरक्षित होतो, पण दर चार आठवड्यांनी बी चा डीएनए बघितला. आठव्या आठवड्यात सी डिटेक्ट होईना. गोळ्या संपल्यावर बारा आठवडे थांबून परत टेस्ट, तेव्हाही नसेल तर बरा झाला असं धरतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो रिपोर्ट आला, नॉट डिटेक्टेड. बायकोने तो कागद हातात घेऊन सावकाश वाचला, मग मला वाचून दाखवला, मग परत स्वतः वाचला. (अँटिबॉडी मात्र आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, ते बघून घाबरू नका, आणि हा आजार परत पण होऊ शकतो, एकदा झाला म्हणून संरक्षण मिळत नाही.)

आणि एसजीपीटी ५८ वर थांबलं.

आता एचआयव्ही, बी, सी, काहीच डिटेक्ट होत नाही, तिन्ही रिपोर्टवर तेच लिहिलेलं, दारू मी २००९ पासून घेतलेली नाही, स्कॅनमध्ये चरबी पण नाही. मी विचारायच्या आधीच मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, हेपॅटायटिस डी. मी तोपर्यंत हा शब्द ऐकला नव्हता. बी असलेल्या प्रत्येकाची ही टेस्ट एकदा तरी व्हायला हवी, आणि त्या म्हणाल्या की ही त्यांनीच आधी करायला हवी होती, सी सापडल्यावर सगळं त्याच्यावर ढकललं गेलं. डॉक्टरने असं तोंडावर कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, माझा विश्वास त्या दिवशी वाढला.

हेपॅटायटिस डी म्हणजेच डेल्टा. हा व्हायरस १९७७ मध्ये इटलीत मारिओ रिझेट्टो यांना सापडला, बी च्याच पेशंटमध्ये, आणि आधी त्यांना तो बी चाच एखादा भाग वाटला होता. त्याला स्वतःचं कवच नसतं. तो बी चं कवच उसनं घेतो, तेच ऑस्ट्रेलिया अँटिजेन, ते अंगावर घालून बाहेर पडतो आणि पुढच्या पेशीत शिरतो. म्हणून बी नसेल तर डेल्टा होत नाही. आणि म्हणूनच टेनोफोव्हिरचा त्याच्यावर उपयोग होत नाही, कारण टेनोफोव्हिर बी च्या प्रती बनणं थांबवतं पण कवच बनत राहतं, आणि डेल्टाला तेवढंच हवं असतं. वर तोही बी ला दाबतो, त्यामुळे बी चा डीएनए शून्य दिसतो आणि सगळे खूश होतात. माझी डेल्टाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, आरएनए साडेतीन लाख. २०२१ ची कावीळ एकट्या बी ची होती का त्यात याचाही हात होता, ते आता शोधायला काही मार्ग नाही.

डेल्टा हा या सगळ्यांत लिव्हर सगळ्यात लवकर खराब करणारा. त्याच्यावर बुलेव्हिर्टाइड नावाचं रोज त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन आहे, युरोपात २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली, ते डेल्टाला लिव्हरच्या पेशीत शिरायचं दारच बंद करतं. पण ते सगळीकडे मिळत नाही, मला मिळालेलं नाही. मग उरलं जुनं इंटरफेरॉन, आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे, साधारण चारातल्या एकाला फायदा. सिरोसिस आणि कमी प्लेटलेट असताना ते देणं जोखमीचं असतं. सी गेल्यावर माझ्या प्लेटलेट १ लाख १२ हजारांवर आल्या होत्या, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि बिलिरुबिन चांगलं होतं, म्हणून करता आलं.

सुरू करायचं ठरत होतं आणि मधेच सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत उजव्या भागात १.१ सेंटिमीटरचा ठिपका दिसला. सिरोसिस असेल तर सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी आयुष्यभर, सी बरा झाला तरीही, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका जात नाही, आणि बी मध्ये तर सिरोसिस नसतानाही तो होतो. एक सेंटिमीटरच्या वर काही दिसलं की डाय देऊन सीटी. ते अकरा दिवस मी कामावर जात होतो, येत होतो, लोकांशी बोलत होतो आणि मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. लिव्हर स्वतःला दुरुस्त करताना बनवतं तशी साधी गाठ निघाली. तीन महिन्यांनी परत बघितली, तेवढीच आहे.

इंटरफेरॉनबद्दल खरं सांगतो, अवघड आहे. दर गुरुवारी रात्री मांडीला किंवा पोटाला टोचायचं, शुक्रवारी ताप आणि अंग मोडून येतं, शनिवारी कमी होतं. केस गळतात. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात मन इतकं खाली गेलं की कारण नसताना रडायला यायचं, ते औषधाचं आहे हे माहीत असूनही थांबत नाही. हे सुरू करण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा आणि डॉक्टरांना पण लगेच सांगा, मला त्यासाठी वेगळी गोळी दिली आणि ती उपयोगी पडली. यावेळी मी लपवलं नाही. काउंट ५१० वरून ३०५ वर आला तेव्हा पोटात गोळा आला, पण मॅडमनी टक्केवारी दाखवली, ती तेवढीच होती. इंटरफेरॉनमुळे सगळ्याच पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून आकडा पडतो, एचआयव्हीचा लोड शून्यच होता.

बायकोबद्दल लिहायचं राहिलं. तिच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आहेत. लोड डिटेक्ट होत नसेल तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही हे आता सगळ्यांना माहीत झालंय आणि ते खरं आहे, पण तो नियम एचआयव्हीचा आहे, बी आणि सी ला तो लावू नका. तिला बी ची लस दिली, शून्य, एक आणि सहा महिने, नंतर टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटिबॉडीचं प्रमाण, बघितलं, दहाच्या वर लागतं, तिचं तीनशेच्या वर आलं. बी ची लस घेतली की डेल्टापासून पण संरक्षण मिळतं, त्याला कवचच मिळत नाही. सी ला लस नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळं. एका ताटात जेवून, मिठी मारून यातलं काही होत नाही. कावीळ झाली होती तेव्हा एका नातेवाइकाने माझा पेला वेगळा ठेवायला सांगितला होता, तो तिने त्यांच्यादेखत उचलून आमच्या बाकीच्या पेल्यांत ठेवला.

अंगदुखीला मी आता मनाने काही घेत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सिरोसिसमध्ये किडनीला आणि त्या फुगलेल्या शिरांना धोक्याच्या आहेत. इंजेक्शनच्या तापाला पॅरासिटामॉल, तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. पूर्वी मला कोणी सांगितलं होतं लिव्हरवाल्यांनी प्रोटीन खाऊ नये, ते चूक निघालं, स्नायू झिजतात. प्रोटीन भरपूर, मीठ कमी, आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं म्हणजे रात्रभराचा उपास घडत नाही.

त्या मुलाने निघताना माझा नंबर घेतला होता. परवा फोन आला, त्याचा सी चा आरएनए निगेटिव्ह आहे, बी पॉझिटिव्ह आहे, डेल्टाची टेस्ट त्यांच्याकडे होत नाही म्हणाले. मी त्याला आमच्या लॅबचं नाव पाठवलंय आणि फिब-फोर काढायला प्लेटलेटचा आकडा मागितलाय, अजून आला नाही.

माझं ३३ वं इंजेक्शन काल झालं. चोविसाव्या आठवड्याला डेल्टाचा आरएनए साडेतीन लाखांवरून चार हजारांवर आला होता, पुढची टेस्ट ३६ ला. एसजीपीटी ४१. प्लेटलेट ८८ हजार, त्या ७५ च्या खाली गेल्या तर डोस कमी करायचा असं ठरलंय. सोनोग्राफी पुढच्या महिन्यात आहे. आज शुक्रवार आहे, ताप चढायला लागलाय, म्हणून इथेच थांबतो. कोणाला यातलं काही विचारायचं असेल तर विचारा, उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देईन.